नॅसकार २५ पीसीवर ११ तारखेला येतोय, कोण कोण वाट बघतंय?

तिसरी_लेन | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:४०

मंडळी, इथे फॉर्म्युला वनचे धागे शंभरी गाठतात पण स्टॉक कारवर एकही धागा दिसला नाही म्हणून शेवटी मीच काढतोय, चार लोक जरी आले तरी चालेल.

तर नॅसकार २५, म्हणजे अमेरिकेतल्या नॅसकार ह्या स्टॉक कार रेसिंगचा गेम. कन्सोलवर १४ ऑक्टोबरलाच आला, आपण पीसीवाले नेहमीप्रमाणे रांगेत मागे, आपल्याला स्टीमवर ११ नोव्हेंबर. आरका, ट्रक, एक्सफिनिटी आणि कप (सगळ्यात वरची) अशा चारही सिरीज आहेत, करिअर खालून आरकापासून सुरू करायचं. आणि मुख्य म्हणजे बनवणारे आयरेसिंगवाले, तेच ते ऑनलाइन रेसिंग सिम्युलेटरवाले. २०२३ च्या ऑक्टोबरात नॅसकारचे गेम काढायचं लायसन त्यांच्याकडे गेलं तेव्हापासून वाट बघतोय. त्याआधीचा नॅसकारचा गेम, इग्निशन, २०२१ ला आला होता, त्याला लोकांनी रिव्ह्यूंमध्ये कसा धुतला ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, त्यावर परत रडत नाही.

आता कोणी म्हणेल आयरेसिंग तर २००८ पासून आहेच की पीसीवर, मग ह्याचं कौतुक कशाला. सांगतो. आयरेसिंगला दर महिन्याची वर्गणी, वर गाडी वेगळी विकत घ्या ट्रॅक वेगळा विकत घ्या, आणि एवढं करून जी खरी गर्दीची रेस असते ती अमेरिकेतल्या संध्याकाळी म्हणजे आपल्याकडे पहाटे. मी नोकरी करणारा माणूस, मला रात्री साडेदहाला घरातले झोपले की तासभर मिळतो, त्यातही मध्येच पोरगं उठलं तर पॉज करता आलं पाहिजे. ऑनलाइन रेसमध्ये पॉज नसतो! म्हणून मला हवाय तो एकदाच पैसे भरून घ्यायचा, ऑफलाइन चालणारा गेम, ज्यात समोरच्या ३५-३६ गाड्या डोकं वापरून चालवतील. ग्राफिक्स दुय्यम आहे हो. एआय, म्हणजे गाड्या चालवणारा कॉम्प्युटर, चांगला असेल तर बाकी सगळं माफ.

कालची कप सिरीजची फिनिक्सची फायनल बघून तर हात जास्तच शिवशिवतायत.

टोमणेसम्राट | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

गाडी डावीकडे वळवायची. परत डावीकडे वळवायची. असं तीन तास. पॉपकॉर्न घेऊन बसलोय 😀

कोथरूडचा_पिटक्रू | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:२२

आला का हा. प्रत्येक नॅसकारच्या चर्चेत दुसरा प्रतिसाद हाच असतो.

बाकी तिसरी_लेन, +१. मीही थांबलोय. व्हील गेल्या दिवाळीत घेतलं, त्यावर बरेच दिवस फक्त ट्रक चालवायचा गेम खेळतोय, बायको म्हणते घरी बसून ड्रायव्हरची नोकरी करतोस आणि पगार पण नाही.

शार्लटवासी | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

नमस्कार, धागा बघून फार बरं वाटलं. मी नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला असतो, बँकेच्या आयटीत, इथले अर्धे मराठी लोक तिथेच असतात. बहुतेक टीमांची गॅरेजेस आमच्या आजूबाजूच्या गावांत आहेत, त्यामुळे इथे आल्यावर बायबल आणि बार्बेक्यूनंतर तिसरी गोष्ट हीच कानावर पडते.

टोमणेसम्राट, मीही आधी हेच म्हणायचो, नंतर एकानं इथल्या कोका-कोला ६०० रेसला नेलं. दीड मैलाचा ओव्हल म्हणजे अंडाकृती ट्रॅक, ४०० लॅप, ऊन असताना सुरू होते आणि दिव्यांखाली संपते. मजा अशी की संध्याकाळी ट्रॅक थंड झाला की ग्रिप बदलते, म्हणजे दुपारी जी गाडी रॉकेट होती ती रात्री वळायलाच तयार नाही आणि टीमचा क्रू चीफ प्रत्येक पिटस्टॉपला (टायर-पेट्रोलसाठीचा थांबा) टायरचं प्रेशर नाहीतर वेज, म्हणजे चाकांवरच्या भाराची वाटणी, बदलत बसतो. गाडी टाईट असेल तर पुढची चाकं वळायला मागत नाहीत, तुम्ही भिंतीकडे सरकत जाता. लूज असेल तर मागचा भाग सुटायला बघतो आणि तुम्ही जीव मुठीत धरून थ्रॉटल देता. जोरात जाणारी गाडी थोडी लूजच असते, फक्त पन्नास लॅप तशी चालवत राहायला काळीज लागतं.

डावीकडे वळणं अवघड नाही. तुमच्या दारापासून वीतभर अंतरावर दुसरी गाडी असताना, घासलेल्या टायरवर, एकच वळण चारशे वेळा तसंच घेणं अवघड आहे.

टोमणेसम्राट | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

बरं बाबा. पण उजवीकडे कधीच नाही?

गिअरबॉक्स_ताई | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३१

असतं की. सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन, ऑस्टिन, यंदा तर मेक्सिको सिटी पण. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन यंदा रोड कोर्सवर (दोन्हीकडे वळणं असलेले ट्रॅक) पाच रेस जिंकला आणि ओव्हलवर अजून शिकतोय, म्हणजे ज्याला उजवीकडे-डावीकडे दोन्ही उत्तम जमतं त्यालाही नुसतं डावीकडे जड जातंय, ह्यावर विचार करावा सम्राटांनी.

आणि शिकागोच्या रस्त्यावरची रेस आठवा. तो ट्रॅक आधी आयरेसिंगमध्ये बनला, २०२१ ला त्यावर ऑनलाइन रेस झाली, आणि मग २०२३ ला खऱ्या शहरात. तीसुद्धा गिसबर्गनच जिंकला, कपमधली पहिलीच रेस होती त्याची. गेमवाल्यांनी आधी रस्ता काढला आणि खरे लोक मागून आले.

पॅपिरसभक्त | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४८

तरुणांनो, जरा म्हाताऱ्याचं ऐका. तुम्ही २०२३ पासून वाट बघताय, मी २००३ पासून.

नॅसकार रेसिंग २००३ सीझन. पॅपिरस नावाची मॅसॅच्युसेट्समधली छोटी कंपनी, डेव्हिड केमर तिचा कर्ताधर्ता. १९८९ ला इंडियानापोलिस ५०० बनवला, १९९४ ला पहिला नॅसकार रेसिंग, ९८ ला ग्रांप्री लेजंड्स, आणि शेवटी हा २००३. त्याच सुमाराला ईए ह्या मोठ्या गेम कंपनीनं नॅसकारचं लायसन फक्त आपल्यापुरतं घेऊन टाकलं, २००४ पासून बाकी कोणी नॅसकारचा गेम काढूच शकत नव्हतं, आणि पॅपिरस बंद पडली. म्हणजे त्या प्रकारातला सगळ्यात भारी गेम ज्यांनी बनवला त्यांनाच पुढचा बनवायची मुभा नाही. केमरनं मग जॉन हेन्रीला, म्हणजे बॉस्टन रेड सॉक्सचा मालक, सोबत घेऊन आयरेसिंग काढली, पॅपिरसचा जुना कोड पायाला वापरून.

मी तो गेम अजून खेळतो. विंडोज बदलत गेल्या, प्रत्येक वेळी काहीतरी खटपट करून चालवला. लोक अजून त्यासाठी नव्या गाड्यांचे सेट आणि ट्रॅक बनवतात, फुकट. त्यातला एआय आजही असा आहे की तुम्ही आत नाक घातलं की जागा देतो पण फार दादागिरी केली तर सोडत नाही. मधल्या काळात युटेक्निक्स कंपनीचे गेम आले, नॅसकार हीट मालिकेचे पाच आले, हीटचे वाईट नव्हते. पण संध्याकाळी बसलो की हात आपोआप २००३ कडेच जायचा.

तर ११ तारखेला जे येतंय ते त्याच घराण्यातलं आहे म्हणून मी इतका हळवा झालोय. आणि हीटवाल्या मॉन्स्टर गेम्सची टीम पण २०२२ ला आयरेसिंगनं घेतली. म्हणजे फिजिक्स जाणणारे आणि कन्सोलचा गेम वेळेत पूर्ण करणारे असे दोघंही एका घरात.

कोथरूडचा_पिटक्रू | ३ नोव्हेंबर, रात्री १०:०२

काका दंडवत __/\__ 

मौलिक भर. एक विचारतो, नव्या गेमला मोड (खेळणाऱ्यांनी बनवलेल्या गाड्या, ट्रॅक) नसतील तर तुम्ही परत २००३ कडे जाणार ना?

पॅपिरसभक्त | ३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

जाणारच. दोन्ही ठेवणार. लायसन असलेल्या गेमची गोम ही की टीमा, स्पॉन्सर, रंग दरवर्षी बदलतात, पुढच्या वर्षी तर एक्सफिनिटी सिरीजचं नावच बदलून ओरायली होतंय, मग २०२५ चा गेम तिथेच थिजला. २००३ जिवंत राहिला तो लोकांनी त्यात हात घातला म्हणून. निदान रंगरंगोटी करून आपापसात देता-घेता आली पाहिजे, एवढं मागणं आहे बुवा.

तिसरी_लेन | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

काका, तुमच्या प्रतिसादावर वेगळा धागा होईल.

मी सकाळी फिनिक्सचं म्हणालो ते अर्धवट राहिलं. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: फायनलला चार दावेदार, त्यांच्यात जो पुढे संपवेल तो चॅम्पियन. त्यातल्या डेनी हॅमलिननं दोनशेच्या वर लॅप लीड केले. माणूस वीस वर्षं पूर्णवेळ कपमध्ये, ६० रेस जिंकलेला, पण चॅम्पियनशिप एकही नाही, आणि काल ती हातात आलेली. तीन लॅप राहिले असताना बायरनचा टायर फुटला, भिंतीवर गेला, कॉशन (म्हणजे पिवळा झेंडा, सगळे हळू). सगळे पिटमध्ये. हॅमलिनच्या टीमनं चार टायर घेतले, दुसरा दावेदार कायल लार्सन, त्याच्या टीमनं दोनच. चार टायरला वेळ जास्त लागतो त्यामुळे हॅमलिन दहाव्या नंबरवर रीस्टार्ट, लार्सन पाचव्या. दोन लॅपमध्ये कितीही ग्रिप असली तरी एवढ्या गाड्या कशा कापणार. ब्लेनी रेस जिंकला, लार्सन तिसरा, हॅमलिन सहावा, चॅम्पियन लार्सन, दिवसभरात एकही लॅप लीड न करता!!

आता माझा मुद्दा. हा जो निर्णय आहे दोन की चार, तो मला गेममध्ये हवाय आणि तो खरा हवाय. म्हणजे एआयमधले अर्धे दोन घेतील, काही चार घेतील, एखादा पिटमध्ये येणारच नाही, आणि बाहेर पडेपर्यंत मला कळणार नाही मी कुठे असेन. बऱ्याच गेममध्ये काय होतं, मी पिटला गेलो की सगळे येतात, मी नाही गेलो की कोणीच नाही, किंवा सगळ्यांचे टायर सारखेच घासतात. मग ती रेस उरत नाही. नुसतं फिरणं.

शार्लटवासी | ४ नोव्हेंबर, पहाटे ४:३५

हॅमलिनचं ऐकवत नाही रे. इथे ऑफिसात आज सुतक होतं.

ह्या माणसाचं आणि गेमचं काहीतरी मागच्या जन्मीचं आहे. २०२० च्या मार्चमध्ये कोविडनं सगळं बंद, तर नॅसकारनं खऱ्या ड्रायव्हरना घरी बसवून आयरेसिंगवर रेस लावली आणि टीव्हीवर चक्क लाइव्ह दाखवली, होमस्टेड-मायामी. शेवटच्या वळणात डेल अर्नहार्ट ज्युनिअरला, म्हणजे नॅसकारच्या जुन्या नामांकित ड्रायव्हरला, मागे टाकून जिंकला कोण? हॅमलिन.

मग २०२२, मार्टिन्सविल. शेवटचा लॅप, हॅमलिन फायनलमध्ये जवळपास पोचलेला. मागून रॉस चेस्टेननं पाचवा गिअर टाकला, थ्रॉटल पूर्ण दाबला आणि गाडी भिंतीला टेकवून स्टिअरिंग जवळपास सोडूनच दिलं. भिंतीला घासत पाच गाड्या मागे टाकल्या, १८.८४५ सेकंदांचा लॅप, त्या ट्रॅकवर स्टॉक कारचा सगळ्यात वेगवान. फायनलमध्ये चेस्टेन गेला, हॅमलिन बाहेर. नंतर विचारलं हे सुचलं कसं तर म्हणे लहानपणी गेमक्यूब कन्सोलवर नॅसकार २००५ खेळताना असं करायचो.

म्हणजे गेमनं दिलं आणि गेमनंच काढून घेतलं.

पहिलं_व्हील | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

काय सांगता!! मग ह्या गेममध्ये मार्टिन्सविलला ते करता येईल का? 😍

गिअरबॉक्स_ताई | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

नॅसकारनं २०२३ च्या सीझनआधीच सांगितलं की परत कोणी केलं तर पेनल्टी बसेल. गेममध्ये सिंगल प्लेअरला कर की हवं ते, घर तुझं भिंत तुझी. पण ऑनलाइन लॉबीत कोणी केलंस ना तर लोक शिव्या घालतील आणि मी पहिली असेन.

माझं मत विचाराल तर मला ह्या गेमकडून डॅमेज हवं. भिंतीला लागलं की गाडी लंगडली पाहिजे. कपच्या आताच्या नेक्स्ट जेन गाडीला २०२२ पासून मागेही स्वतंत्र सस्पेन्शन आहे, बाजूनं फटका बसला की टो लिंक (चाक सरळ धरणारा दांडा) वाकते आणि गाडी खेकड्यासारखी चालते, टीव्हीवर बघतोच आपण. ते आलं की लोक आपोआप सभ्य होतात.

आणि एक, लेझर स्कॅन. आयरेसिंगकडे ह्या ट्रॅकचे स्कॅन आधीपासून आहेत, म्हणजे कुठे उंचवटा, कुठे डांबराचा जोड, सगळं मिलिमीटरमध्ये. ब्रिस्टल किंवा डार्लिंग्टनला हे कळतं, कारण तिथे रेघ एका फुटानं चुकली तरी भिंत. नॉर्थ विल्क्सबोरोची गोष्ट माहितीये ना? १९९६ ला बंद पडलेला ट्रॅक, झाडं उगवलेली. डेल ज्युनिअर आणि मंडळींनी २०१९ च्या डिसेंबरात जाऊन गवत कापलं, कशासाठी, तर आयरेसिंगला स्कॅन करता यावा, निदान कॉम्प्युटरवर तरी राहील म्हणून. त्यातून लोकांना परत आठवण झाली, पैसा आला, आणि २०२३ ला तिथे खरी ऑल-स्टार रेस झाली.

पहिलं_व्हील | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:०३

ताई भारीच माहिती. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापूर. इथे गोकार्ट चालवलंय. माझ्याकडे फक्त कंट्रोलर आहे, बाबा म्हणाले सेमिस्टरचा निकाल बघून व्हीलचं बघू. जुनं जी२९ व्हील मिळतंय एकाकडे. घेऊ का? की कंट्रोलरवर खेळता येईल?

कोथरूडचा_पिटक्रू | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

घे पण आधी जाऊन चालवून बघ, ब्रेकचा पेडल दाबल्यावर रीडिंग सरळ चढतंय का उड्या मारतंय ते बघ. जुन्या व्हीलमध्ये पहिलं तेच जातं.

ओव्हलसाठी फार महागडं व्हील लागत नाही असं माझं मत. डेटोना, टॅलाडेगासारख्या मोठ्या ओव्हलला तर थ्रॉटल सोडायचाच नसतो, बँकिंगच (वळणांचा तिरका उतार) ३१ आणि ३३ डिग्री आहे, कंट्रोलरवर पण निभेल. खरी गंमत आहे मार्टिन्सविलसारख्या ठिकाणी, अर्ध्या मैलाचा ट्रॅक, वळणं जवळपास सपाट, तिथे ब्रेक किती आणि कधी सोडतोस ह्यावर सगळं. म्हणून पैसे जमले तर आधी पेडल चांगले घे, व्हील नंतर. आणि टेबल. टेबल हललं तर सगळं वाया.

तिसरी_लेन | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

आणि दोस्ता डेटोना सोपा आहे असं ह्या पिटक्रूचं ऐकू नकोस. चालवायला सोपा, जिंकायला महाकठीण. तिथे एकटी गाडी जोरात जाऊच शकत नाही, मागून कोणीतरी लागतं. हायवेवर एसटीच्या मागे बाईक लावली की हवा कशी एकदम कापल्यासारखी होते, तेच ताशी १९० मैलांच्या वेगानं आणि चाळीस गाड्यांत. इथे मागच्याचाही पुढच्याला फायदा होतो, मागून हवेचा धक्का मिळतो. म्हणून लेन निवडणं आणि कोण आपल्यामागे येईल ह्याचा अंदाज हाच खेळ.

इथेच एआयची खरी परीक्षा होणार बघा. एआय नुसता रुळावरून चालल्यासारखा चालला तर डेटोना मेला. तो माझ्यामागे यायचं की मला सोडून वरच्या लेनला जायचं हे ठरवणारा पाहिजे, शेवटच्या दोन लॅपला तर गद्दारी करणारा पाहिजे.

टोमणेसम्राट | ४ नोव्हेंबर, दुपारी १:१८

गद्दारी म्हटल्यावर जरा इंटरेस्ट आला.

एक खरंच विचारतो, टोमणा नाही. ह्यात आपलं कोणी आहे का? म्हणजे भारतीय ड्रायव्हर.

पॅपिरसभक्त | ४ नोव्हेंबर, दुपारी २:०६

होता. नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वननंतर २०१० ला ट्रक सिरीजमध्ये काही रेस केल्या. पहिली मार्टिन्सविलला, ओव्हलचा काही अनुभव नसताना तेरावा आला, हे काही थोडं नाही. आणि वर्षाच्या शेवटी ट्रक सिरीजचा सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून निवडून आला! ऑनलाइन मतदान होतं हो, आपली लोकसंख्या कामाला आली.

टोमणेसम्राट | ४ नोव्हेंबर, दुपारी २:११

खिक्क. हे आवडलं. विशलिस्टमध्ये टाकतोय.

शार्लटवासी | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२५

सम्राट पडले! धाग्याचं सार्थक.

पहिलं_व्हील, तुझ्यासाठी अजून एक. परवा ज्याचा टायर फुटला तो विल्यम बायरन, आमच्या शार्लटचाच. घरात रेसिंगची परंपरा नाही, कार्टिंग करत मोठा झालेला नाही, आयरेसिंगवर चालवून चालवून शिकला आणि मग खऱ्या गाडीत बसला. २०२४ आणि २०२५ दोन्ही डेटोना ५०० जिंकला. हे तुझ्या बाबांना दाखव. नको, राहू दे, आधी सेमिस्टर काढ.

तिसरी_लेन, मी इथल्या एका मित्राकडे कन्सोलवर थोडा वेळ बघितला, आरकाची रेस. एआय एकमेकांशी भांडत होते, तीन-तीन ओळीत जात होते, आणि त्याच्या गाडीच्या आत घुसायला घाबरत नव्हते. थोडक्या वेळात फार बोलत नाही, पण तू जे म्हणतोस त्याच्या दिशेनं वाटलं. करिअरमध्ये पैसे जपून वापरावे लागतात, गाडी ठोकली की दुरुस्तीचा खर्च पुढच्या रेसवर येतो.

तिसरी_लेन | ४ नोव्हेंबर, रात्री १०:५२

बस, एवढं ऐकायला मिळालं तरी आठवडा निघेल.

मग ठरवूया का, ११ ला मंगळवार आहे, पहिले काही दिवस आपापलं करिअर खेळा, आणि शनिवारी १५ ला सगळ्यांनी मिळून एक लॉबी. मार्टिन्सविल. आपल्याकडे रात्री साडेनऊ म्हणजे शार्लटवासींकडे सकाळचे अकरा.

शार्लटवासी | ४ नोव्हेंबर, रात्री ११:१५

चालेल. शनिवारी सकाळी पोरांची मराठी शाळा असते, ह्या वेळी बायको सोडेल असं बघतो.

गिअरबॉक्स_ताई | ४ नोव्हेंबर, रात्री ११:३०

मी आहे. डॅमेज पूर्ण, कॉशन चालू, पन्नास लॅप तरी. आणि भिंत घासणाऱ्याला पुढच्या रेसला सगळ्यात मागून स्टार्ट.

पहिलं_व्हील | ४ नोव्हेंबर, रात्री ११:३४

ताई शेवटच्या लॅपला पण नाही का?

गिअरबॉक्स_ताई | ४ नोव्हेंबर, रात्री ११:३५

शेवटच्या लॅपला तर नाहीच.

पॅपिरसभक्त | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

मला पण धरा. माईक नाहीये माझ्याकडे, टाइप करून बोलेन, रेस चालू असताना उत्तर आलं नाही तर समजून घ्या.